डिस्क, फाइल आणि पाठभेद

(अकादमीच्या व्याख्यानमालेत इंदूर येथे दिलेल्या भाषणाचे लिखित रूप)



‘साहित्य आणि चित्रपट’ हा विषय मला देण्यात आला, तेव्हा मी कादंबरीवरून चित्रपट कसा होतो यावर बोलेन अशी अपेक्षा असावी. मी त्याहून लहान, पण आपल्यापुरता तातडीचा प्रश्न निवडला आहे. चित्रपट डिस्कवरून थेट पाहणे आणि त्याच डिस्कवरून उतरवून घेतलेली फाइल पाहणे, यांत चित्राच्या दृष्टीने काय फरक पडतो? वरवर पाहता हा दुकानदाराचा किंवा संगणकवाल्याचा प्रश्न आहे. माझ्या मते तो पाठचिकित्सेचा, म्हणजे आपल्याच घरचा प्रश्न आहे.

तातडीचा अशासाठी, की माळव्यातल्या आपल्या मंडळांच्या आणि वाचनालयांच्या कपाटांत मराठी चित्रपटांच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी आहेत. मराठी चित्रपट इथल्या चित्रपटगृहात क्वचित लागतो, म्हणून कार्यकर्त्यांनी पुण्या-मुंबईहून येताना एकेक करून त्या आणल्या. आता डिस्क लावायला प्लेअर उरला नाही. ‘सगळे चित्रपट एका हार्ड डिस्कवर लहान फायलींत घ्या आणि कपाट रिकामे करा’, असा ठराव एकाहून अधिक ठिकाणी चर्चेत आहे. ठराव मांडणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण तो मंजूर होण्याआधी थोडा हिशेब करावा, एवढीच माझी विनंती आहे.

आधी शब्द स्वच्छ करू. डिस्कवरून ‘फाइल काढली’ असे आपण म्हणतो, तेव्हा दोन वेगळ्या क्रिया त्यात मिसळलेल्या असतात. डिस्कवरची सर्व माहिती एकही अंक न बदलता उतरवणे ही पहिली. अशी फाइल आणि डिस्क यांच्या चित्रात फरक असूच शकत नाही. दिसलाच, तर तो प्लेअरने किंवा टीव्हीने चित्र मोठे करताना, उजळ करताना घातलेला असतो. चित्र पुन्हा दाबून लहान करणे ही दुसरी क्रिया. बाजारात जिला ‘रिप’ म्हणतात ती बहुधा हीच. इथे काही माहिती कायमची टाकून दिली जाते आणि मागाहून कितीही प्रयत्न केले तरी ती परत येत नाही. म्हणून ‘डिस्क चांगली की फाइल?’ हा प्रश्न अर्धाच आहे. फाइल कशी काढली, हे आधी विचारले पाहिजे.

आता हिशेब. एकेकाळी चित्रपटाची फाइल ७०० एमबीची असे, कारण तेवढीच एका सीडीवर मावत असे. दोन तासांचा चित्रपट घेतला, तर आवाजासकट प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला सुमारे ७.८ लाख बिट येतात. तोच चित्रपट ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर एकटा असेल, तर सेकंदाला सुमारे ५२ लाख बिट. जवळजवळ सात पटींचा फरक. याचा अर्थ चित्र सात पट वाईट, असा मात्र नाही. दाबण्याच्या नंतरच्या पद्धती अधिक हुशार आहेत. डीव्हीडीवरून काळजीपूर्वक काढलेली दीड-दोन जीबीची फाइल बैठकीच्या खोलीतल्या अंतरावरून डिस्कपेक्षा वेगळी ओळखणे अवघड जाते. उलट, एका डिस्कवर तीन चित्रपट कोंबलेल्या ‘थ्री इन वन’ डीव्हीडीत डिस्कच कंगाल असते. डिस्क आहे म्हणून ती श्रेष्ठ, असे मी म्हणत नाही.

जागा कमी पडली की दाबणारी यंत्रणा कुठे काटकसर करते? जिथे डोळा सहसा जात नाही असे तिला वाटते, तिथे. अंधारातल्या छटा, धूर, पाऊस, गर्दी आणि जुन्या फिल्मची बारीक रवाळ पोत यांवर पहिली कात्री चालते. अंधाऱ्या भिंतीवर चौकटी-चौकटी दिसू लागतात, गर्दीतले चेहरे मेणाचे होतात. आपला जुना कृष्णधवल चित्रपट छायाप्रकाशावर आणि पोतावरच उभा असल्यामुळे त्याचे नुकसान सर्वांत अधिक.

देवनागरी अक्षरांकडे पाहा. व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे. श्रेयनामावलीत पडद्यावर बारा ओळी असतील, तर एका ओळीला चोवीस आडव्या रेषा मिळतात. त्यांत शिरोरेखा, वरची वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खालचा उकार, सगळे बसवायचे. अनुस्वाराच्या वाट्याला दोन-तीन रेषा येतात आणि दाबताना त्याच आधी पुसल्या जातात. डीव्हीडीत ५७६ रेषा असतात, म्हणजे ओळीला अठ्ठेचाळीस. गीतकाराचे, संवादलेखकाचे नाव नीट वाचता येणे आणि न येणे यांतले अंतर एवढेच आहे. चित्रपटाच्या अभ्यासकाला श्रेयनामावली हे मुखपृष्ठ आहे. ती वाचता न येणारी प्रत म्हणजे मुखपृष्ठ फाटलेले पुस्तक.

चौकटीचाही प्रश्न आहे. १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक चित्रपटांची चौकट जवळपास चारास तीन या प्रमाणाची होती. आजचा टीव्ही सोळास नऊ. फाइल काढताना पडदा भरून दिसावा म्हणून वरखाली कापले, तर चित्राचा बरोबर चौथा हिस्सा जातो. कीर्तनात टाळ धरलेले हात चौकटीबाहेर राहू शकतात. न कापता ताणले, तर माणसे एक-तृतीयांशाने रुंद होतात. ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस आणि जिजाईच्या भूमिकेतल्या गौरी यांना दामले-फत्तेलाल यांनी ज्या चौकटीत उभे केले, ती चौकट हाही त्या कृतीचा पाठ आहे. उपशीर्षके, दुसरा ध्वनिपट, प्रकरणवार विभागणी यांचेही तसेच. डीव्हीडीत उपशीर्षके वेगळ्या थरात असतात. बेपर्वाईने काढलेल्या फाइलीत ती गळतात. घरात अमराठी सून किंवा जावई असलेल्या आपल्या कुटुंबांना हे नुकसान लगेच कळेल.

वर्गात मी एकदा एकाच चित्रपटाच्या एका मिनिटाच्या दोन प्रती, कोणती कुठली हे न सांगता, एकाच टीव्हीवर दाखवल्या. एक डिस्कवरची होती, दुसरी दाबलेली. बहुतेकांनी दाबलेली प्रत पसंत केली, कारण ती गुळगुळीत आणि उजळ दिसत होती. घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणारी एक विद्यार्थिनी मात्र म्हणाली, “मॅडम, ही साफ आहे, पण हिच्यात आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याच नाहीत.” स्वच्छ प्रत आणि विश्वासार्ह प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या थोडक्यात मला सांगता आले नसते.

इथे आपली परंपरा मदतीला येते. शके १५०६ मध्ये एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. म्हणजे ज्ञानेश्वरीनंतर तीनशे वर्षांच्या आतच नकलांमध्ये भर पडली होती आणि ती ओळखण्याची गरज निर्माण झाली होती. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने, विशेषतः सुखठणकरांनी, कोणती पोथी कोणावरून उतरली याचा शोध हाच निवाड्याचा पाया मानला. दिसायला सुबक पोथी अधिक प्रमाण ठरत नाही. आणि एकाच पोथीवरून उतरलेल्या दहा नकला म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत.

फायलींना हाच नियम लावा. तीन ठिकाणांहून मिळालेल्या फायलींत त्याच क्षणी तीच उडी दिसत असेल, तर तिघी एकाच डिस्कच्या लेकी समजाव्यात. ‘हाय डेफिनिशन’ असे नाव असलेली फाइल डीव्हीडीवरूनच मोठी केलेली असेल, तर हिशेब असा आहे: डीव्हीडीचे बिंदू ४,१४,७२०, मोठ्या चित्राचे २०,७३,६००, म्हणजे नेमके पाच पट. दर पाचांतले चार बिंदू यंत्राने अंदाजाने भरले. आकार वाढला, मजकूर तोच राहिला. याउलट, दिसायला वाईट असलेल्या जुन्या व्हीसीडीत एखादे कडवे किंवा प्रसंग शिल्लक असू शकतो, जो नंतरच्या देखण्या डीव्हीडीत कापला गेला आहे. म्हणून लांबी ताडून पाहिल्याशिवाय कोणतीही प्रत फेकू नये.

लांबी ताडताना एक पथ्य पाळावे. फिल्म सेकंदाला २४ चित्रांनी चालते. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीसाठी ती बहुधा २५ ने चालवली जाते. मग १२० मिनिटांचा चित्रपट काहीही न कापता ११५ मिनिटे १२ सेकंदांत संपतो, आणि आवाज वेगळा सुधारून घेतला नसेल तर गाण्याची पट्टीही अर्ध्या सुराहून थोडी कमी इतकी वर चढते. हा दोष फाइलीचा नाही, डिस्कचाच आहे. डिस्क ही मूळ पोथी नव्हे, तीही नक्कलच. पण मूळ फिल्मचे काय झाले हेही आपण जाणतो. २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. मूळ नाहीसे होते, तेव्हा नकलेची जबाबदारी वाढते.

मग करायचे काय? जागेची सबब आता उरलेली नाही. तीनशे डीव्हीडी, प्रत्येक अगदी साडेआठ जीबीची धरली, तरी २,५५० जीबी होतात, म्हणजे चार टीबीच्या एका हार्ड डिस्कवर पूर्णच्या पूर्ण मावतात. लहान फाइल पाहण्यासाठी, देण्याघेण्यासाठी जरूर करावी, पण तिला साठवणीची प्रत मानू नये. घरी लिहिलेल्या डिस्क कारखान्यात छापलेल्यांपेक्षा लवकर खराब होतात, म्हणून त्या आधी घ्याव्यात. हार्ड डिस्कही बंद पडते, म्हणून दोन प्रती दोन ठिकाणी हव्यात.

कायद्याचे भान ठेवावे. १९५७च्या कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे असतो. ‘संत तुकाराम’ (१९३६) किंवा ‘श्यामची आई’ (१९५३) त्यापलीकडे गेले आहेत. नव्या चित्रपटांसाठी हक्कधारकाची लेखी परवानगी घ्यावी. ती मिळेपर्यंत डिस्क थंड, कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात.

आणि शेवटची सूचना अकादमीला. जुन्या पोथीच्या शेवटी पुष्पिका असते: कोणी, कुठे, केव्हा, कशावरून उतरवले. अध्यायाअखेर ओव्यांची संख्या असते, म्हणजे एखादी गळली तर कळावे. आपल्या फायलींना दोन्ही द्यावे. चित्रपटाचे नाव, डिस्कचा प्रकार आणि प्रकाशक, लांबी, चौकट, उपशीर्षके आहेत की नाहीत, कोणी आणि कोणत्या तारखेला उतरवले, जशीच्या तशी की दाबून, आणि संगणकाने काढलेला तपासणी-आकडा. फाइलीतला एक बिट बदलला तरी हा आकडा बदलतो, म्हणून तोच आपली ओवीसंख्या. एका पानाचा असा नमुना अकादमीने तयार करून इंदूर, ग्वाल्हेर, उज्जैन, देवास आणि भोपाळच्या मंडळांना पाठवावा. तो भरून होईपर्यंत एकही कपाट रिकामे करू नये, अशी विनंती करते आणि आपला निरोप घेते.