पदवीनंतरचं पहिलं पान



‘शिक्षणाकडून वेब व्यवसायाकडे’ असा विषय मला दिला आहे. या वाटेवर मी जिथे जिथे अडखळले, तेवढंच सांगते. बाकीचं पुस्तकात मिळेल.

मी जोयडा तालुक्यातल्या रामनगरची. आजोबांचं घर जुन्या सुप्यात होतं. काळी नदीवर धरण झालं, सुपा पाण्याखाली गेलं आणि आमच्यासारखी अनेक घरं रामनगरला आली. घरात कोकणी-मराठी, बसच्या पाटीवर कन्नड आणि अनमोड घाट उतरला की गोवा. सातवीपर्यंत मी मराठी शाळेत, पुढे कन्नडमध्ये आणि संगणकाची पदवी इंग्रजीतून. तीन ठिकाणी तीन भाषा, आणि एकही धड नाही, असं तेव्हा वाटायचं.

कॉलेजात आम्ही एचटीएमएल शिकलो ते उत्तरपत्रिकेवर, शाईच्या पेनानं. खूण उघडायची, खूण बंद करायची, पाच गुण. ते पान ब्राउझरमध्ये कसं दिसतं हे ना परीक्षकानं पाहिलं, ना मी. प्रथम वर्गात पास झाले. पुण्यात मुलाखतीला गेले तेव्हा समोरचे गृहस्थ म्हणाले, “तुम्ही केलेलं एखादं पान दाखवा.” मी गुणपत्रिकांची फाइल पुढे केली. त्यांनी ती न उघडता परत सरकवली. रागानं नव्हे, अगदी सौजन्यानं. म्हणूनच जास्त लागलं.

परतीच्या प्रवासात ठरवलं, पान करायचं. पण कशाचं? रामनगरच्या स्टँडवर लोक रोज एकच प्रश्न विचारतात, गाडी कधी आहे? मी आठवडाभर वही घेऊन स्टँडवर बसले आणि गाड्यांच्या वेळा मराठीत नि कन्नडमध्ये पानावर घातल्या. वर शोभेला धबधब्याचा फोटो लावला. बाबांना म्हटलं, “बाबा, तुमच्या फोनवर उघडून बघा.” बाबा बघत राहिले. पांढरा पडदा. फोटो होता तीन एमबीचा. आमच्याकडच्या त्या वेळच्या रेंजमध्ये सेकंदाला शंभर किलोबिट मिळाले तरी त्याला चार मिनिटं लागणार. तेवढ्यात गाडी निघून जाते! फोटो काढून टाकला, पान क्षणात उघडलं. पानाला वजन असतं, ही गोष्ट तीन वर्षांत मला कुणी सांगितली नव्हती. शहरातल्या वेगवान जाळ्यावर काम करणाऱ्यांना ती लवकर कळतही नाही.

त्या एका पानावर मला गोव्यात नोकरी लागली.

आता या सभागृहाच्या जवळचा मुद्दा. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका हॉटेलचं संकेतस्थळ आमच्याकडे आलं. त्यांचा मराठी मजकूर जुन्या फॉन्टमधला होता. देवनागरी १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच आली, पण आपल्याकडे छपाईच्या कामात पुढेही बरीच वर्षं ज्याचा त्याचा फॉन्ट आणि ज्याची त्याची अक्षरजुळणी चालत होती. तो फॉन्ट नसला की मजकुराचा नुसता कचरा दिसतो. आम्ही तो एका परिवर्तकातून काढला. दिसायला सगळं छान. मी वाचलं तर भरतीच्या जाहिरातीत लिहिलेलं, ‘अनुभवी आचार्यांना प्राधान्य’. हॉटेलला हवे होते आचारी! परिवर्तकानं ‘आचाऱ्यांना’मधल्या अर्ध्या ऱ्याचा रफार करून टाकला होता. गटातल्या सहा जणांपैकी कुणाला काही खटकलं नाही, कारण हिंदीत हा ऱ्य नसतो. मला खटकलं, कारण सातवीत गुरुजींनी सुऱ्या आणि सूर्या हे शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवले होते.

शोधताना पुढची गंमत कळली. हा ऱ्य संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो: एकीत खाली टिंब असलेला ऱ, हलन्त आणि य, दुसरीत साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण एका रीतीनं लिहिलेलं ‘दऱ्या’ दुसऱ्या रीतीनं शोधलं तर सापडेलच असं नाही. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरणही या दोन रीती एक करत नाही; ते काम आपणच लिहावं लागतं. मी ते लिहिलं, आणि तेव्हापासून मराठी मजकुराचं प्रत्येक काम माझ्या टेबलावर येऊ लागलं. पगारही वाढला, हे मुद्दाम सांगते, कारण मराठी घेऊन पोट भरत नाही असं आपल्या मुलांना घरीच ऐकवलं जातं.

तसंच पानाच्या भाषेचं. पान मराठी आहे हे संगणकाला एमआर या दोन अक्षरांत सांगावं लागतं. ते सांगितलं तर अंधांसाठी पान वाचून दाखवणारं यंत्र योग्य आवाज निवडू शकतं आणि चांगला फॉन्ट मराठी वळणाचे ल आणि श देतो. कित्येक मराठी पानांवर आजही तिथे इंग्रजी लिहिलेलं असतं. चूक दोन अक्षरांची, पण ती दिसायला मराठी येणारा माणूस लागतो.

शिक्षकांना एकच विनंती. एखादा निबंध वहीऐवजी युनिकोडमध्ये टंकलेला घ्या, आणि त्यातले ऱ्ह, ऱ्य तपासा. विद्यार्थ्यांनो, साधं पान आता यंत्रही लिहून देतं, त्यामुळे नुसत्या खुणा पाठ करून नोकरी मिळेल या भ्रमात राहू नका. तुमच्या गावाला लागणारं एक पान करा आणि ते साध्या फोनवर, रेंज नसेल तिथे जाऊन उघडून बघा. आमच्या तालुक्यात अशी जागा शोधावी लागत नाही.

ते बसचं पान अजून चालू आहे. वेळ बदलली की बाबा स्टँडवरूनच फोन करतात. परवा कामाच्या मीटिंगमध्ये होते तेव्हा त्यांचा फोन आला, “अगं, सकाळची लोंढ्याची गाडी दहा मिनिटं अलीकडे आणली आहे, आधी ते बदल.” मी मीटिंग थांबवून ते बदललं.