हसण्याला रंग हवा का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आमच्या घरी आईच्या लग्नातला एक फोटो आहे. काढला तेव्हा तो काळा-पांढरा होता; पुढे वडिलांनी हौसेने त्यावरच रंग भरून घेतला. रंगवणाऱ्याने शालू हिरवा केला. खरा शालू वांगी रंगाचा. आई होती तोवर दर दिवाळीला फोटो पुसताना ती हे सांगून हसत असे. आता माझी नात म्हणते, "पणजीचा शालू हिरवाच होता, फोटोत दिसतो की!" दुसरी प्रत नाही. माझा शब्द एवढाच काय तो पुरावा.

अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या जुन्या काळ्या-पांढऱ्या विनोदी मालिकांना संगणकाने रंग देतात. ते योग्य की अयोग्य, हा वाद वाचला तेव्हा मला हाच फोटो आठवला.

त्यांतली सर्वांत लाडकी मालिका 'आय लव्ह लुसी'. १९५१ ते १९५७ या काळात ती चालली. लुसी ही गृहिणी. नवऱ्यासारखे आपणही रंगमंचावर चमकावे, हा तिचा ध्यास, आणि दर वेळी तो तिच्या अंगाशी येणार! ही भूमिका करणाऱ्या ल्युसिल बॉलला मालिका चालू असतानाच दिवस गेले. त्या काळी 'गरोदर' हा शब्द पडद्यावर उच्चारायची चोरी. तरी तिचे वाढते पोट घरोघरी दिसले, आणि १९ जानेवारी १९५३ रोजी मालिकेतल्या लुसीला व खऱ्या ल्युसिलला एकाच दिवशी मुलगा झाला. हीच बाई १९६२ साली एका मोठ्या चित्रसंस्थेची प्रमुख झाली. अशा बाईची गंमत नातवंडांनी पाहावी, असे कोणाला वाटणार नाही?

तेच तर रंगवाल्यांचे म्हणणे. मुले काळे-पांढरे पाहत नाहीत. २०१३ च्या डिसेंबरात या मालिकेचे दोन भाग रंगीत करून दाखवले. एकात लुसी इटलीत द्राक्षे तुडवायच्या पिंपात उतरते आणि तिथल्या बाईशी तिची जुंपते. माझी नात काळ्या-पांढऱ्या चित्राकडे ढुंकूनही पाहत नसे. हा रंगीत भाग पाहून ती पोट धरून हसली. "अजून लाव" म्हणाली. पुढचा काळा-पांढरा लावला, तर तोही तिने पाहिला! तेव्हा रंग नकोच, असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे १९६० चा 'मुघल-ए-आझम' २००४ साली संपूर्ण रंगीत होऊन आला, तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणी पुन्हा चित्रपटगृहात गेल्याच की.

पण दुसरी बाजूही ऐका. लुसीचा छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड मोठा जाणता. काळ्या-पांढऱ्यात कोणती छटा कशी उठते हे ओळखून त्याने घराच्या भिंती करड्या रंगाच्याच निरनिराळ्या छटांत रंगवून घेतल्या होत्या. आता त्या भिंतींना 'खरा' रंग कोणता द्यायचा? लुसीचे केस तांबडे होते, हे सर्वांना ठाऊक आहे. बाकी पुष्कळसा अंदाज! पंचवीस मिनिटांच्या भागात छत्तीस हजार चित्रे असतात; त्या प्रत्येकात हा अंदाज भरायचा. जाणती माणसे गेली, की अंदाजच खरा ठरतो.

आणखी एक. लुसी आज दिसते ती ती फिल्मवर चित्रित झाली म्हणून. त्या काळचे कितीतरी कार्यक्रम थेट दाखवले गेले आणि हवेत विरले; पुढे कित्येक फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. जे उरलेच नाही त्याला रंग कोण देणार? म्हणून पैसा असेल तर आधी मूळ प्रत जपण्यावर खर्च व्हावा, मग रंगावर.

तेव्हा माझे मत असे. रंग जरूर द्यावा, पण दोन अटींवर. रंग मागाहून दिला आहे, हे आरंभीच ठळक सांगावे. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने राष्ट्रीय यादीतल्या चित्रपटांपुरती अशी सक्ती केलीही होती. आणि मूळ काळी-पांढरी प्रत रंगीत प्रतीच्या शेजारीच मिळावी, कपाटात कोंडू नये. पाहणाऱ्याला निवड करता आली पाहिजे.

हे भाषण लिहून झाल्यावर मी आईचा फोटो खाली उतरवला आणि मागे पेन्सिलीने लिहिले, 'शालू वांगी रंगाचा होता.' तुमच्या घरी असे फोटो असतील, तर ठाऊक असलेल्या माणसाला आजच विचारून लिहून ठेवा.