नव्या हृदयाला वेळ द्या

फेब्रुवारी 1968मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. आज माणूस नवं हृदय घेऊन घरी येतो आणि वर्षानुवर्षं जगतो. म्हणूनच विचारावं लागतं, त्यानं चालावं किती?

घरचे म्हणतात, ‘पडून राहा, एवढं मोठं ऑपरेशन झालंय.’ माया खरी असते, पण तिच्यापायी पाय आणखी बारीक होतात. लांबलेल्या आजारपणात स्नायू आधीच झडलेले असतात. त्यात शरीरानं नवं हृदय नाकारू नये म्हणून दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या स्नायू झिजवतात, हाडं ठिसूळ करतात. दम लागतो त्यात या पायांचाही मोठा वाटा असतो.

दुसरं कारण हृदयातच आहे. प्रत्यारोपणात रक्तवाहिन्या शिवून जोडतात, हृदयाच्या नसा मात्र तुटलेल्याच राहतात. ठोक्यांना आवर घालणारी नस नसल्यानं बसल्या जागी ठोके मिनिटाला 90 ते 110 पडतात. चालू लागलं, की मेंदूचा निरोप हृदयाला थेट मिळत नाही. रक्तातलं अ‍ॅड्रेनॅलिन वाढेपर्यंत काही मिनिटं जातात. असा माणूस एखाद्या चढाला एकदम भिडला, तर लगेच धापा टाकणार. त्यानं आधी दहा मिनिटं सपाटीवर रमतगमत चालावं, मग चढ घ्यावा. थांबल्यावरही ठोके काही वेळ चढेच राहतात, तेव्हा लगेच बसू नये, हळूहळू वेग कमी करावा. नाडीवरून अंदाज चुकतो. चालताना दोन वाक्यं सलग बोलता आली, तर वेग बरोबर.

एक लक्षात ठेवा. हृदयात बिघाड झाला, तरी नसा तुटल्यामुळे छातीत कळ येईलच असं नाही. अचानक धाप, थकवा किंवा पायांवर सूज आली, तर डॉक्टरांना लगेच गाठा.

नेमानं व्यायाम केला, तर ताकद नक्की वाढते. काहींच्या नसाही कालांतरानं थोड्या परत उगवतात. अवयव बदललेल्यांच्या जागतिक क्रीडास्पर्धा तर 1978पासून भरताहेत!

मात्र ऑपरेशनमध्ये कापलेलं छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर हंडा, पोतं उचलू नका. गोठ्यातलं शेण काढणं, कुजकं खत उपसणं दुसऱ्यावर सोपवा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना शेणखतातली बुरशी फुप्फुसात जाणं जिवावर बेतू शकतं.