पाहुणा येण्याआधी

येत्या रविवारी आमच्या घरी एक पाहुणा येणार आहे. वय आठ आठवडे, वजन तीन किलोच्या आसपास, दात सुईसारखे आणि मुक्काम कायमचा. कुत्र्याचं पिल्लू आहे ते. गेले पंधरा दिवस आमच्याकडे त्याची तयारी चालली आहे. कुंपणापलीकडून शेजारी विचारतात, "मास्तर, मुंज आहे की काय घरात?" मीही हसतो. पण श्रोतेहो, ही तयारी हसण्यावारी नेता येत नाही, कारण एकदा मी ती केली नव्हती.

2021 सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. ओळखीच्या एका गृहस्थांनी एक पिल्लू पिशवीत घालून आणून दिलं. जेमतेम पाच आठवड्यांचं. नात सुट्टीला आली होती, तिनं त्याचं नाव ठेवलं बंड्या. आम्ही बशीत दूध ओतलं, कोपऱ्यात पोतं टाकलं, झाली तयारी! बंड्या दिवसभर अंगणात, गटाराशी, रस्त्यावरच्या कुत्र्यांत हुंदडायचा. नवव्या दिवशी त्यानं खाणं सोडलं. मग उलट्या, मग रक्ताचे जुलाब. डॉक्टरांनी विचारलं, "लस? जंताचं औषध? आईला लस दिली होती का?" एकाही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रोग होता पार्व्हो. सलाईन लावलं, सगळं केलं. अकराव्या दिवशी पहाटे हिच्या मांडीवर ते पोर गेलं. रात्रभर ही बसून होती. सकाळी एवढंच म्हणाली, "आता या घरात कुत्रं नको." त्यानंतर हा विषय तिनं काढला नाही आणि मला तो काढायचं धाडस झालं नाही.

यंदा मिरज तालुक्यातल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मळ्यात कुत्री व्याली. साधी गावठी, पण गुणी आणि राखणीला पक्की. नातीनं फोनवरून हट्ट धरला. मी भीत भीत हिच्यापुढे विषय काढला. भाजी निवडता निवडता मान वर न करता ही म्हणाली, "अहो, आणायचंच असेल तर आधी घर तयार करा. मग बघू." या 'मग बघू'चा अर्थ पन्नास वर्षांच्या संसारानंतर मला थोडाफार कळतो. मी कामाला लागलो.

पहिली तयारी म्हणजे थांबणं. मी मळ्यात गेलो तेव्हा पिल्लं चार आठवड्यांची होती. विद्यार्थ्याचे वडील म्हणाले, "मास्तर, दोन म्हैनं पुरं होऊ द्या. आईजवळ ऱ्हाऊ द्या." म्हातारबाबा अगदी बरोबर बोलले. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईजवळ आणि भावंडांत राहायला हवं. चावलं की दुसऱ्याला दुखतं, हा धडा ते भावंडांशी खेळतानाच शिकतं. आपल्याकडच्या 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकताही येत नाही. या काळात पिल्लांना दर दोन आठवड्यांनी जंताचं औषध आणि घर सोडण्याआधी पहिली लस मिळेल, एवढं मी पाहिलं.

दुसरी तयारी म्हणजे पिल्लू आणण्याआधी डॉक्टरांना भेटणं. मी वही घेऊनच गेलो. पार्व्होचा विषाणू मोठा चिवट. सावलीतल्या ओल्या मातीत तो कित्येक महिने, कधी वर्षभरही टिकतो आणि आपल्या चपलांना चिकटूनही घरात येतो. बंड्याला जाऊन बराच काळ लोटला आहे, त्यामुळे आमच्या अंगणातल्या मातीची चिंता आता नाही. पण रस्त्यावरून तो केव्हाही येऊ शकतो. नेहमीच्या फिनेलला तो दाद देत नाही. फरशी आधी घासून धुवायची, मग पातळ ब्लीच, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी या प्रमाणात, लावून दहा मिनिटं ओलं ठेवायचं आणि नंतर साध्या पाण्यानं धुऊन वाळवायचं. ब्लीच फिनेलमध्ये किंवा अॅसिडमध्ये मात्र कधीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो.

खरं संरक्षण लशीचंच. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. एक टोचून घेतली की झालं, असं समजणारेच फसतात. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लशीचा परिणाम पुसून टाकू शकते, म्हणून या फेऱ्या. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस. कृष्णेच्या पुराची सवय असलेल्या आमच्या सांगलीत उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोचीही लस हवीच. लशी पुऱ्या होईपर्यंत पिल्लू फाटकाबाहेर जमिनीवर सोडायचं नाही. पण घरात कोंडूनही ठेवायचं नाही. कडेवर घेऊन रस्ता, रिक्षा, शाळेतली मुलं, कुकरची शिटी, सगळं दाखवायचं. या वयात जे पाहिलं त्याची पुढे भीती वाटत नाही.

तिसरी तयारी घराची. त्यासाठी मी एक प्रयोग केला. दार लावून घेतलं आणि स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत चक्क रांगलो. गुडघे दुखले, पण घर पहिल्यांदाच पिल्लाच्या उंचीवरून दिसलं. टीव्हीमागे लोंबणाऱ्या वायरी, पलंगाजवळ कायम लावून ठेवलेला मोबाइलचा चार्जर, पलंगाखाली पडलेली गोळ्यांची रिकामी पाकिटं, हिच्या शिवणाच्या डब्यातून सांडलेली सुई. वायरी वर घेतल्या, चपलांना दाराचं कपाट केलं, औषधं उंचावर ठेवली. आपल्या तापाच्या आणि अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला जिवावरचं दुखणं देऊ शकतात. घरगुती डॉक्टरकी करू नये.

आणि आता सांगलीकरांसाठी खास. आमच्याकडे तासगावचे बेदाणे डब्यात नसतील असं घर विरळा. शिऱ्यात बेदाणे, प्रसादात बेदाणे, येता-जाता तोंडात बेदाणे. द्राक्षं आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ले म्हणजे घातक, हे कुत्र्यागणिक बदलतं. म्हणून एकही द्यायचा नाही. कांदा आणि लसूण, कच्चे किंवा शिजवलेले, त्याच्या रक्तातल्या लाल पेशी मोडतात. म्हणजे आपली आमटी-भाजी त्याच्या भाकरीवर ओतायची जुनी रीत बंद. चॉकलेट नाही. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगम तर मुळीच नाही. हिनं बेदाण्याचा डबा खालच्या फळीवरून वरच्या फळीवर नेला. तोंडानं काही बोलली नाही. मी पाहिलं, पण पाहिल्याचं दाखवलं नाही.

चौथी तयारी अंगणाची, आणि हीच अवघड. फाटकाच्या गजांमधून माझी मूठ सहज जात होती. जिथून डोकं जातं तिथून पिल्लू जातं. तिथे खालच्या दीड फुटाला जाळी मारून घेतली. पाण्याच्या हौदाला झाकण केलं. कोपऱ्यातला विटांचा ढीग हलवला, कारण अशा ढिगात उंदीर येतात आणि उंदरांमागून साप. भिंतींच्या भेगा सिमेंटनं भरल्या. गोचीड तिथेच अंडी घालते आणि गोचिडीचा ताप चांगल्या धट्ट्याकट्ट्या कुत्र्यालाही लोळवतो. उंदराचं औषध अंगणातून हद्दपार केलं. शंखी गोगलगायींसाठी टाकतात त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्याही. पावसाळ्यात निघणारे भेक पिल्लाला खेळणं वाटतात. ते तोंडात धरलं की फेस येतो, म्हणून संध्याकाळी पिल्लू एकटं बाहेर सोडायचं नाही.

हिचे गुलाब हा आमच्या अंगणाचा मान. गुलाबांना ती हाडांचा चुरा आणि एरंडीची पेंड घालते. मी डॉक्टरांना सहज सांगितलं तर ते खुर्चीत ताठ बसले. म्हणाले, "चुऱ्याच्या वासानं कुत्रं माती उकरतं आणि त्याबरोबर पेंड खातं. एरंडाच्या बीचं जालीम विष पेंडीत राहिलेलं असू शकतं." घरी येऊन हे हिला कसं सांगावं, या विचारात मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "शेणखतावर फुलत नाहीत की काय गुलाब?" पोतं त्याच दिवशी बाहेर गेलं.

राहिली कण्हेर. फाटकाजवळची गुलाबी कण्हेर माझ्या आईनं लावलेली. दर सोमवारी शंकराला तिचीच फुलं. कण्हेरीचं पान, फूल, साल, सगळं विषारी. ते थेट हृदयावर घाला घालतं. वाळून खाली पडलेलं पानसुद्धा तितकंच वाईट. बिट्टी, धोतरा, एरंड, हौसेनं लावतात तो सायकस, हीसुद्धा त्याच पंगतीतली मंडळी. ती आमच्याकडे नव्हती. कण्हेर होती. कुऱ्हाड घेऊन मी दोनदा झाडापाशी गेलो आणि दोनदा परत आलो. कुंपण घालू, रोज पानं झाडू, असं स्वतःला समजावत राहिलो. एका दुपारी झोपून उठलो तर बाहेर आवाज. हिनं माळीदादांना बोलावून कण्हेर मुळापासून काढायला लावली होती. मी पायरीवर उभा. ती म्हणाली, "सासूबाई असत्या तर त्यांनीही हेच केलं असतं. झाड परत कुठेही लावता येतं." पुढचं वाक्य तिनं उच्चारलं नाही. मला ते ऐकू आलं.

शेवटची तयारी घरातल्या माणसांची. पिल्लू कुठे झोपणार, कोण खायला घालणार, सोफ्यावर चढू द्यायचं की नाही, हे आधीच ठरवावं. एकानं 'ये ये' म्हणायचं आणि दुसऱ्यानं हाकलायचं, यात कुत्रं गोंधळतं आणि बोल त्यालाच लागतो. मळ्यात ते जे खातं तेच पहिले काही दिवस द्यायचं. बदल हळूहळू करायचा. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच अंगणातल्या एकाच ठरलेल्या जागी न्यायचं आणि तिथे कार्यभाग उरकला की शाबासकी द्यायची. घरात चुकलं तर नाक घासायचं नाही, मारायचं नाही. गुपचूप पुसून टाकायचं. नातीला सांगून ठेवलं आहे की झोपलेल्या आणि खाणाऱ्या पिल्लाला हात लावायचा नाही. आणि कुठल्याही कुत्र्यानं चावा घेतला, ओरखडा काढला, तर लपवायचं नाही. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टरांकडे जायचं.

पहिल्या रात्री पिल्लू रडतं. रडणारच, आयुष्यात पहिल्यांदा ते एकटं झोपत असतं. त्याला दूर व्हरांड्यात कोंडण्याऐवजी आपल्या पलंगाजवळ खोक्यात ठेवावं, हात खाली सोडला की लागेल असं. आईच्या वासाचं एखादं फडकं खोक्यात असलं तर ते लवकर शांत होतं. हे मी जेवताना बोलून गेलो होतो. परवा मळ्यातून फोन आला, "मास्तर, बाईंनी धाडलेली साडी कुत्रीखाली घातलीया बरं का." कुठली साडी? कपाट उघडून पाहिलं तर हिची मऊ झालेली निळी सुती साडी जागेवर नव्हती.

अंगणात कण्हेरीच्या जागी आता मोकळी माती आहे. फाटकाला जाळी आहे, पलंगाशेजारी खोकं आहे. नात रोज फोनवर नवी नावं सुचवते. ही म्हणते, "आधी येऊ दे त्याला. लशी होऊ देत. नावाचं मग बघू."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)