दहा छर्रे आणि एक शब्द



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगार संघटनेच्या कामात हयात गेलेला माणूस; त्याने बोनसवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे, फार तर महागाईवर बोलावे. याच्या हाती पिस्तूल कोणी दिले? चिटणिसांनीही मला दोनदा विचारले की विषय नक्की हाच लिहायचा ना. तेव्हा आरंभीच खुलासा करतो. हे पिस्तूल माणसावर रोखण्याचे नाही. ते दारूवर उडत नाही, दाबलेल्या हवेवर चालते. दहा मीटरवरच्या लक्ष्यावर त्यातून शिशाचा साडेचार मिलिमीटरचा छर्रा सोडतात. ज्या स्पर्धेत २०२४ साली पॅरिसला मनू भाकर हिने कांस्यपदक मिळवले, त्या स्पर्धेचे हे हत्यार आहे.

आमच्या कामगार वस्तीतली अकरा मुलेमुली नेमबाजी शिकतात. त्यांच्यामध्ये पिस्तूल एकच होते, आणि तेही हवा गळणारे. चांगले पिस्तूल परदेशातून येते. त्याची किंमत लाखाच्या वर जाते. दोन वर्षे महिन्याच्या महिन्याला वर्गणी काढून कामगारांनी ते आणले. पेटी उघडली त्या दिवशी मुलांनी हट्ट धरला, की ज्याने वर्गणीचा हिशेब ठेवला त्याने पहिले दहा छर्रे उडवायचे. म्हणून मी गेलो. त्या तासाभरात जे हाताला कळले आणि जे डोळ्यांना दिसले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिले नवल वाटले ते मुठीचे. अक्रोडाच्या लाकडाची ती मूठ हाताच्या घडणीप्रमाणे कोरलेली असते. तळहाताखालची फळी स्क्रूने वरखाली होते. चाप बोटापासून किती दूर असावा हेही ठरवता येते. शिकवणारी मुलगी एका फिटरची लेक. तिने माझा पंजा पाहिला, दोन स्क्रू फिरवले आणि म्हणाली, "काका, आता धरा." हात आत गेला तो मोजून शिवलेल्या सदऱ्यासारखा. मी तरुणपणी लेथवर काम केले आहे. तिथे उंची ठरते ती यंत्राची. बुटका कामगार पायाखाली फळकूट घेतो आणि उंच कामगार वीस वर्षे पाठीत वाकून काढतो. माणसाच्या मापाने हत्यार बनवता येते, ही विद्या जगाला अवगत आहे. ती कुठे वापरायची आणि कुठे नाही, एवढाच काय तो प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. नियमाप्रमाणे पिस्तूल दीड किलोपेक्षा जड चालत नाही. आमचे किलोभराच्या आसपास आहे. किलोभर म्हणजे काय, बाजारातली एक पिशवी! पण ती एका हाताने, हात सरळ लांब करून, मनगटाला कसलाही आधार न देता धरायची. दहा सेकंदांत खांदा बोलू लागतो आणि वीस सेकंदांत लक्ष्य नाचू लागते. अशा रीतीने स्पर्धेत पंचाहत्तर मिनिटांत साठ छर्रे सोडायचे असतात. नेमबाजी हा उभ्याउभ्याचा खेळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा घरी पाण्याने भरलेली लिटरची बाटली अशी धरून पाहावी.

तिसरी गोष्ट नेमाची. पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला एक उभा दांडा असतो, त्याला माशी म्हणतात. मागच्या बाजूला एक खाच असते. खाचेच्या मधोमध माशी आणायची आणि ती लक्ष्याच्या काळ्या वर्तुळाखाली धरायची. लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. माशी आणि खाच यांत अंतर साधारण तेहतीस सेंटिमीटरचे. आता त्रैराशिक मांडा. माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला सरकली तर दहा मीटरवर छर्रा तीस मिलिमीटर बाजूला जातो, म्हणजे जवळजवळ चार गुण गेले. याउलट सगळा हात जसाच्या तसा पाच मिलिमीटर हलला, तर तिकडे फरक पाचच मिलिमीटरचा पडतो. म्हणून शिकवणारे सांगतात, की नजर लक्ष्यावर ठेवू नका, माशीवर ठेवा. डोळा एका वेळी दोन अंतरांवर स्वच्छ पाहू शकत नाही. तेव्हा माशी ठळक दिसली पाहिजे आणि लक्ष्य धूसर राहिले तरी चालेल. दूरच्या ध्येयाकडे टक लावून हातातले काम वाकडे करणाऱ्या आम्हा चळवळीतल्या मंडळींनी हा धडा भिंतीवर लावून ठेवण्यासारखा आहे.

चौथी गोष्ट चापाची. या पिस्तुलाचा चाप निदान पाचशे ग्रॅम ओढ सोसणारा असला पाहिजे, असा नियम आहे. पाचशे ग्रॅम म्हणजे अगदी हलके. चाप थोडा मागे येतो, एका जागी अडतो, आणि मग जराशा दाबाने सुटतो. सिनेमात पाहिलेले पिस्तूल झटक्याने उडते. इथे झटका दिला की माशी खाचेतून हललीच. दाब इतका हळू वाढवायचा, की छर्रा नेमका कधी सुटला हे आपल्यालाच क्षणभर उशिरा कळावे. तो सुटल्यावरही हात तसाच धरून ठेवायचा. आणि हात डळमळू लागला तर? तर चाप ओढायचाच नाही. पिस्तूल खाली टेकवायचे, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायचे. ती मुलगी म्हणाली, "काका, न मारलेल्या छऱ्याचे गुण जात नाहीत." माझे दहा छर्रे मिळून एकसष्ट गुण झाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्या गुणांना नव्हत्या, वर्गणीला होत्या, हे मला समजते.

आता मी मुद्द्याच्या गोष्टीकडे येतो. पिस्तुलाहून अधिक मी त्या जागेची शिस्त पाहत होतो. तिथे प्रत्येक पिस्तुलाच्या नळीत भडक रंगाची दोरी घातलेली असते. ती आरपार दिसली म्हणजे आत छर्रा नाही, हे लांबूनही कळते. 'लोड' म्हटल्याशिवाय छर्रा भरायचा नाही, 'स्टार्ट' म्हटल्याशिवाय सोडायचा नाही. नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडे. नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. छर्रे शिशाचे, म्हणून हात साबणाने धुतल्याशिवाय कोणी खाण्याला शिवायचे नाही. वडापाव आला होता, तो सर्वांचे हात धुऊन होईपर्यंत तसाच राहिला. आणि या सगळ्यांवर कडी करणारा एक नियम: 'स्टॉप' हा शब्द कानावर पडला की सर्वांनी त्या क्षणी थांबायचे. तो शब्द उच्चारण्याला पद लागत नाही. ज्याला धोका दिसला त्याने तो उच्चारायचा.

हे मी प्रत्यक्ष पाहिले. माझ्यानंतर चारजण नेम धरून उभे होते. मागे बाकावर बसलेला तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा एकाएकी ओरडला, "स्टॉप!" चारही पिस्तुले खाली आली, चारही बोटे बाहेर आली. लक्ष्याजवळच्या दारात त्याला कोणी तरी उभे असल्यासारखे वाटले होते. शिकवणारी मुलगी सगळ्या नळ्यांत दोऱ्या घालायला लावून तिकडे जाऊन आली. दारात कोणी नव्हते. वाऱ्याने पडदा हलला होता. मुलगा ओशाळला. पण हसले कोणीच नाही. ती त्याला म्हणाली, "बरे केलेस. पुन्हा दिसले तर पुन्हा ओरड." आणि खेळ पुढे सुरू झाला. सगळ्या प्रकाराला चार मिनिटेही लागली नसतील.

मित्रहो, त्या चार मिनिटांनी मला पुष्कळ दिवस झोप नीट लागू दिली नाही. कारण ज्या कारखान्यांच्या दारांशी माझे आयुष्य गेले, तिथे प्रेसखाली बोटे गेलेली माणसे मी मोजली आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांनी आधी सांगितले होते, की क्लच घसरतो आहे, गार्ड काढून ठेवला आहे. सांगण्याचा अधिकार त्यांना होता. थांबवण्याचा नव्हता.

या अधिकाराचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. त्यानंतर १९८७ साली १९४८ च्या कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन, धोकादायक प्रक्रियेवरील कामगाराला संकट जवळ आल्याची वाजवी शंका असेल तर ती व्यवस्थापकांच्या नजरेस आणण्याचा हक्क मिळाला. तो कायदा आता राहिलेला नाही. त्याची जागा घेणारी २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्या चौदाव्या कलमाने हा हक्क धोकादायक प्रक्रियेपुरता न ठेवता कर्मचाऱ्यांना सरसकट दिला, हे चांगले झाले, आणि चांगल्याला चांगले म्हटले पाहिजे. पण हक्क आहे तो नजरेस आणण्याचा. मालकाची खात्री पटली तर त्याने उपाय करायचा. न पटली तर निरीक्षकाकडे पाठवायचे. या दोन पायऱ्यांच्या मधल्या वेळात यंत्र चालूच असते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात मात्र स्पष्ट म्हटले आहे, की जिवावरच्या धोक्याच्या वाजवी समजुतीने जो कामगार कामापासून दूर होईल त्याला त्याबद्दल त्रास होता कामा नये. दूर होण्याच्या त्या हक्कावर आपले बोट ठेवले गेले पाहिजे.

यावर मालक मंडळींचा आक्षेप मला पाठ आहे. कामगाराच्या हाती असा शब्द दिला तर तो उठसूट ओरडेल आणि उत्पादन बसेल. मी त्यांना नम्रपणे विचारतो, की मग नेमबाजीच्या जागी पोरेसोरे उठसूट का ओरडत नाहीत? ज्याला तो शब्द दिला आहे, त्याला त्या शब्दाची किंमतही शिकवली आहे म्हणून. आणि खोट्या शंकेची किंमत चार मिनिटे असते, गिळून टाकलेल्या खऱ्या शंकेची किंमत एक हात असते, हा हिशेब तिथे प्रत्येकाला समजावलेला असतो म्हणून. शिवाय ओरडणाऱ्याचा तिथे रोज कापला जात नाही. तुकड्यावर मजुरी घेणाऱ्याने यंत्र थांबवले की पहिले नुकसान त्याचेच. तो कसा ओरडेल? थांबलेल्या वेळेची मजुरी चालू राहिली पाहिजे, ही त्या हक्काची पहिली अट आहे.

दुसरा आक्षेप असा, की बहुतेक अपघात कामगाराच्या निष्काळजीपणाने होतात. इथे पुन्हा पिस्तुलाचेच उदाहरण देतो. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ साली झाले. तिथे याच दहा मीटरच्या स्पर्धेत, ऐन पात्रता फेरीत, मनू भाकरचे पिस्तूल बिघडले. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली, आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तेव्हा पोरगी दबावाखाली ढेपाळली असे म्हणणारे पुष्कळ निघाले. तीन वर्षांनी पॅरिसला त्याच मुलीने दोन पदके आणली. हत्यार बिघडते तेव्हा बोल हाताला लागतो, ही रीत जगभरची आहे. चौकशीच्या कागदावर 'कामगाराची चूक' लिहिण्याआधी यंत्र उघडून पाहावे, एवढेच माझे मागणे आहे.

आपण म्हणाल, आम्ही कारखान्यातले नाही. आम्ही शिक्षक, दुकानदार, पेन्शनर. पण आपल्या गल्लीत इमारत उभी राहते आहे. तिथे परातीवर वर जाणारा मजूर आपल्याला दिसतो. गटाराच्या झाकणापाशी दोरीने खाली उतरणारा माणूस आपल्याला दिसतो. गटारात संरक्षणसाधनांशिवाय माणूस उतरवून सफाई करून घेण्याला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरीही तो दिसतो. त्या वेळी वरून पाहणारा हा त्या बाकावरच्या मुलाच्या जागी असतो. त्याला पद लागत नाही. आपली शंका खोटी ठरली तर चार मिनिटे गेली असे समजावे. शंका खरी ठरली, तर एका घरातला कर्ता माणूस संध्याकाळी जेवायला घरी असेल.

आमच्या अकरा मुलांपैकी कोणाला कधी पदक मिळेल की नाही हे मी सांगू शकत नाही. मिळाले तर आनंदच आहे. पण ती मुले उद्या कारखान्यात जातील, कचेरीत जातील, काहीजण साहेब होतील. धोका दिसताच मोठ्याने 'थांबा' म्हणायचे, आणि दुसऱ्याने म्हटले की न हसता थांबायचे, ही सवय त्यांच्या अंगी आधीच लागलेली असेल. कामगारांची दोन वर्षांची वर्गणी एवढ्यानेही वसूल झाली असे मी मानतो.