कानातलं इंजेक्शन आणि आपले कान

आम्ही अष्टमीच्या बचत गटाच्या बायका बोलतोय.

घरचा माणूस कारखान्यात यंत्राजवळ उभा राहतो, पोरगा ढोल वाजवतो, कुणी स्वतः गिरणी चालवते. मग कानात शिट्टी वाजते, समोरच्याचं बोलणं कळत नाही. अशा वेळी आम्हाला विचारतात, "कानात इंजेक्शन दिलं की पुन्हा ऐकू येतं म्हणे. गटातून कर्ज काढू का?" त्याचं उत्तर आज देतो.

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा भाग असतो. त्यात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. मोठा आवाज सतत आदळला की त्या मरतात. माणसाच्या कानात त्या परत उगवत नाहीत. आपल्या खुराड्यातल्या कोंबडीच्या कानात मात्र उगवतात! हे १९८०च्या दशकात कळलं, आणि माणसासाठी औषधाचा शोध सुरू झाला.

गोळीतलं औषध कानाच्या आत फार थोडं पोचतं. म्हणून ते थेट कानात सोडून प्राण्यांवर पाहतात. २०१३ साली अमेरिकेत आवाजाने बहिऱ्या झालेल्या उंदरांना असं औषध दिलं. थोड्या पेशी नव्याने आल्या, ऐकणं थोडं सुधारलं. पण उंदराला लागू पडलं ते माणसाला पडेलच असं नाही. अशाच हेतूने केलेल्या दुसऱ्या एका इंजेक्शनची माणसांवरची चाचणी २०२३ साली फसली. औषध टोचलेले आणि बिनऔषधाचं टोचलेले, दोघांत फरक दिसला नाही.

म्हणजे आवाजाने गेलेलं जुनं ऐकणं परत आणणारं मान्य औषध आज नाही. त्यासाठी कर्ज काढू नका. आमच्या गटाने ठरवलंय, कर्ज द्यायचं ते कानाच्या तपासणीला आणि श्रवणयंत्राला.

एक गोष्ट वेगळी. एक-दोन दिवसांत अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं, तर लगेच कानाच्या डॉक्टरांकडे जा. तेव्हा स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा पडद्यातून इंजेक्शन देतात. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार झाला तर उपयोगाची शक्यता जास्त. लसणीचं गरम तेल घालून दिवस घालवू नका.

हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं, तर तो आवाज घातक समजा. कामावर कानात बोळे किंवा कानावर टोप्या मागून घ्या. आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्यातल्या आजारांच्या यादीत आहे, कामगार भरपाईच्या कायद्यातही आहे. म्हणून तपासणीचा कागद जपून ठेवा. वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. मिरवणुकीत लहान लेकरांना स्पीकरपासून लांब ठेवा.

कोंबडीला नवे कान मिळतात, आपल्याला नाही. आहेत ते सांभाळूया.