इंधनाचे भाव आणि आपण



परवा तुडीलच्या थांब्यावर एस. टी.ची वाट पाहत होतो. शेजारी एक वयस्क शेतकरी डिझेलचा रिकामा डबा घेऊन महाडला निघाले होते. "मास्तर, आधी टिलरचं पोट भरायचं, मग घरच्यांचं," असे म्हणून हसले. मग म्हणाले, "भाव ठरवणारे मोठे. आपल्या हातात काय हाय?"

त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. आज देतो.

भावाचे मोठे भाग दोन. कच्चे तेल बहुतांशी परदेशांतून येते. तिथला दर आपल्या हाती नाही. दुसरा भाग करांचा. केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर आपण निवडून दिलेली माणसेच ठरवतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने पेट्रोलवरील शुल्क लिटरमागे ५ व डिझेलवरील १० रुपयांनी उतरवले; जुलै २०२२ मध्ये राज्याने कर अनुक्रमे ५ व ३ रुपयांनी कमी केला. म्हणजे हा भाग हलतो. मात्र त्यासाठी आवाज लागतो, आणि एकट्याचा आवाज थांब्यावरच विरतो.

आपले चाकरमानी ज्या मुंबईत राहतात, तिथे १९७२ साली महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर पुढे होत्या. तेल, साखर, रॉकेल यांची घराघरांतली ओरड त्यांनी सरकारच्या दारात नेली. आपण निदान ग्रामसभेत ठराव करून आमदार-खासदारांकडे धाडू या.

दुसरे, माप. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावरच लिहिलेले असते. दोन्हींची बेरीज करा आणि टाकी तोलून घ्या. पंपावर ५ लिटरचे प्रमाणित माप ठेवावेच लागते. शंका आली तर मापून दाखवायला सांगा. शिक्षक बंधुभगिनींनो, ही बेरीज वर्गात घाला. मुले ती घरोघर पोचवतील.

तिसरे, काटकसर. पण गॅस महागला म्हणून चूल पुन्हा पेटली, तर बचत घराची आणि खोकला आईचा! त्यापेक्षा डाळ आधी भिजवावी, भांड्यावर झाकण ठेवावे. चार घरांचा माल एकाच गाडीने महाडला न्यावा.

ते शेतकरी पुन्हा भेटले तर सांगेन, "काका, सगळे आपल्या हातात नाही. पण थोडे आहे, आणि तेच आपण सोडून दिले आहे."